सिगरेट सोडून ११ दिवस झाले, पण चहाचं काय करू?

छापखान्यातला_बोका

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ३९, डिप्लोमाला असताना सुरू केलेली, रोजच्या १२-१४, लग्नकार्यात मोजदाद नाही. आज अकरावा दिवस, एकही ओढलेली नाही. सोडायचं कारण काही थोर वगैरे नाहीये. दात साफ करून घेतले, पैसे भरले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ओढत राहिलात तर सहा महिन्यांत हेच डाग परत दिसतील. बिल बघितलं आणि म्हणलं हे दर सहा महिन्यांनी परवडायचं नाही. हसा. बायकोपण हसली.

पहिले तीन दिवस बेकार गेले. डोकं जड, कुणी हाक मारली तरी अंगावर जायचो, दुसऱ्या दिवशी प्रूफमधल्या एका वेलांटीवरून ऑपरेटर पोराला इतकं झापलं की मालक केबिनमधून बाहेर आले बघायला काय झालं. चौथ्या दिवसापासून ते ओसरलं. पण दोन गोष्टी अजून छळतायत.

एक म्हणजे चहा. ऑफिस अप्पा बळवंत चौकाच्या जवळ, खालीच मामांची टपरी, तिथे माझं खातं आहे, महिन्याच्या महिन्याला हिशोब. दिवसाला ६-७ हाफ चहा आणि प्रत्येक चहाला एक सिगरेट. आता टपरी टाळायची म्हणून मागच्या बोळातून चोरासारखा आत येतो आणि चहा वर मागवतो. पण कप हातात आला की दुसरा हात आपोआप वरच्या खिशाकडे जातो राव, खिसा रिकामा आहे हे माहीत असून जातो. निकोटीनचा गम आणलाय, चहा संपला की लगेच एक तोंडात टाकतो आणि चावत बसतो, तल्लफ काही जात नाही, वर नुसत्या उचक्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरतात. अकरा दिवसांनी पण विड्रॉवल एवढा असतो का?

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते पण इथे कोण ओळखतंय. सकाळी पोट साफ होत नाहीये. इतकी वर्षं सकाळी चहा आणि सिगरेट झाली की काम फत्ते. आता पेपर पुरवण्यांसकट वाचून होतो, शब्दकोडं सुटतं, पण बाकी काही नाही. हे कुणीच सांगत नाही आधी! सगळे आपले फुफ्फुसाबद्दल बोलतात.

सदाशिवपेठी_अस्सल

सिगरेट सोडायची असेल तर सोडायची. त्याचा धागा काढायची काय गरज?

आणि शब्द ‘तलफ’ असा आहे, ‘तल्लफ’ नाही.

आज्जीची_नात

@बोका, लाजू नका हो, आमच्या घरात हा विषय पंगतीला निघायचा 😄 माझी आज्जी बारामतीकडची, सकाळी उठलं की मिश्री. तव्यावर तंबाखू भाजताना घरभर ठसका उठायचा. मिश्री लावल्याशिवाय तिला परसाकडला व्हायचंच नाही, ती मिश्रीला औषधच म्हणायची. दात कधीच पडले होते तरी हिरड्यांना लावायची. काकांनी एकदा डबीच लपवली तर चार दिवस अख्ख्या घराला शिव्या आणि पाचव्या दिवशी काका स्वतः जाऊन तंबाखूची पुडी घेऊन आले. तर सिगरेट असो की मिश्री, आतड्याला निकोटीनची सवय लागते, ते काढून घेतलं की आतडं रुसतं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, पपई, चालणं. दोन-तीन आठवड्यांत येतं रुळावर.

काउंटरपलीकडून

मी डॉक्टर नाही, धनकवडीत मेडिकलचं दुकान आहे, २० वर्षं गम विकतोय आणि दहातले आठ लोक तो चुकीचा खातात. तुम्ही तर अगदी मुद्दाम ठरवून केल्यासारखा चुकीचा खाताय, रागावू नका.

तो च्युइंगगम नाहीये. हळू चावायचा, तोंडात झिणझिण लागली किंवा तिखटपणा आला की चावणं थांबवायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. झिणझिण गेली की परत थोडा चावायचा, परत ठेवायचा, असा अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. तुम्ही कचाकच चावून लाळ गिळताय म्हणजे ते पोटात जातंय, तिथे त्याचा उपयोग नाही, उलट उचकी आणि जळजळ. आणि चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत यांनी तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलंच जात नाही. चहानंतर १५ मिनिटं थांबा, गम तोंडात असताना तर काहीच पिऊ नका. चहावर लगेच टाकलेला गम म्हणजे पैसे पाण्यात, किंवा चहात म्हणा.

दुसरं, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली ओढायचात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर व्यसन चांगलंच मुरलेलं आहे, मग २ मिलिग्रॅमचा कमी पडू शकतो. २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा हवा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. गोळ्या पण असतात, व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, पण त्या डॉक्टरांना विचारूनच, ब्युप्रोपिऑन तर फिट येणाऱ्याला चालतच नाही. आणि गमला घाबरू नका, “एक व्यसन सोडून दुसरं” असं कुणी म्हणलं तर सांगा की कॅन्सर धुरातल्या इतर विषांनी होतो, गममध्ये तो धूर नाही. दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी करायचा.

तुमच्या धडधडीचं मला वेगळंच वाटतंय. सिगरेट सोडल्यापासून चहा तेवढाच आहे ना? की वाढलाय?

छापखान्यातला_बोका

@काउंटरपलीकडून, बापरे. पॅकमधला कागद वाचलाच नव्हता, एवढ्या बारीक अक्षरात छापतात (आणि हे मी छापखान्यातला माणूस सांगतोय). पहिली चहाबरोबर, उठल्यावर १० मिनिटांत.

चहा वाढलाय. आधी ६-७ व्हायचे, आता ९-१० होत असतील, सिगरेट नाही म्हणून मधे मधे चहा.

@सदाशिवपेठी, कोश बघितला, दोन्ही रूपं चालतात.

काउंटरपलीकडून

मग सापडलं. धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि तेच एन्झाइम कॅफिनचा निकाल लावतं. म्हणजे ओढणाऱ्याच्या अंगातून चहा भराभर निघून जातो. सिगरेट बंद केली की काही दिवसांत ते एन्झाइम जाग्यावर येतं, आणि तोच एक कप चहा रक्तात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. तुम्ही कप वाढवलेत आणि शरीराने निचरा कमी केला. झोप नाही, धडधड, थरथर, हे सगळं सिगरेटच्या नावावर खपतंय पण त्यात निम्मा हात चहाचा असणार. कप निम्मे करा, संध्याकाळी ५ नंतर बंद, चार दिवसांनी सांगा. तरी धडधड राहिली तर ईसीजी काढून घ्या, ४० च्या आसपास आहात, तिथे माझ्यासारख्याच्या अंदाजावर राहू नका.

जाता जाता, कुणाच्या घरी दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या घेणारं माणूस ओढायचं सोडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळीचं पण अगदी असंच होतं, तोच डोस जास्त होऊ शकतो. हे काम धूर करतो, निकोटीन नाही, त्यामुळे गम चालू असला तरी फरक पडतोच.

सौ_धूर

हा धागा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला “बघ, चहाच वाईट आहे” आणि बाल्कनीत गेला. काय बोलणार.

पण एक विचारते. याने मागच्या वर्षी सोडली होती, सोळा दिवस. त्या सोळा दिवसांत घरात भांडी आपटली गेली, पोरीला गणितावरून रडवलं, माझ्या आईशी फोनवर तुसडेपणाने बोलला. शेवटी मीच म्हणाले ओढ बाबा एक, पण आम्हाला जगू दे. आता तो प्रत्येक वेळी तेच ऐकवतो की तूच म्हणालीस. चूक माझी का?

परत_पहिल्यापासून

वहिनी तुमची चूक नाही, पण ते वाक्य आम्ही लोक जपून ठेवतो हे खरं आहे. मी सहा वेळा सोडलीय आणि सहाही वेळा माझ्याकडे कुणाचं ना कुणाचं असं वाक्य होतं. एकदा तर बॉसचं, “अरे रिलीज होऊ दे, मग सोड”. चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, तीन-चार आठवड्यांत बरीच जाते. म्हणजे सोळाव्या दिवशी तुम्ही दोघं घाट जवळजवळ चढून आला होतात. पुढच्या वेळी कॅलेंडरवर चार आठवडे आधीच मार्क करा, त्यात पाहुणे, पोरीची परीक्षा, घराचं रंगकाम काही नको, आणि त्याने भांडी आपटली तर त्याला चपला घालायला लावून खाली चक्कर मारायला पाठवा. एकेक तलफ पाच-दहा मिनिटंच टिकते. तेवढ्यात तो कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. कोपऱ्यावर टपरी नसेल असा कोपरा शोधा म्हणजे झालं, पुण्यात तेच अवघड आहे.

क्लाउड_बाणेर

एवढं सगळं करण्यापेक्षा व्हेप घ्या ना सिंपल. धूर नाही वास नाही. माझा मित्र त्यावरच शिफ्ट झाला.

काउंटरपलीकडून

ई-सिगरेटवर २०१९ पासून भारतात बंदी आहे, विकायलाही आणि साठवायलाही. जे मिळतं ते चोरून आलेलं, आत काय भरलंय कुणालाच माहीत नाही. तुमचा मित्र आता दिवसातून किती वेळा ओढतो ते विचारा. सिगरेट निदान संपते तरी.

क्लाउड_बाणेर

ओके विचारलं. तो म्हणाला मोजत नाही.

तळजाई_६वाजता

मी वारीत सोडली. भक्ती वगैरे नंतर, आधी खरं कारण सांगतो. पालखी पुण्यातून निघाली की सासवडपर्यंत चालायचं असं मित्राबरोबर ठरवलं, दिवेघाटात माझा श्वास लागला आणि बाजूने सत्तरीच्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन अभंग म्हणत पुढे गेल्या. म्हणत! चढावर! मी रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा. खिशातलं पाकीट तिथेच एका ट्रकवाल्याला दिलं (आता वाटतं त्याला तरी का दिलं).

नंतर तीन आठवडे जाम खोकला, ओढताना नव्हता तेवढा. घाबरून डॉक्टरकडे गेलो तर म्हणाले श्वासनलिकेतली केसासारखी लव धुराने लुळी पडलेली असते, ती परत कामाला लागली की आतला कचरा वर ढकलते. मग वजन. पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणं कॉमन आहे म्हणे, माझं सहा वाढलं, कारण हाताला चाळा म्हणून बाकरवडी. म्हणून तळजाई सुरू केली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तेव्हा दोनदा थांबून चढायचो, आता वर जाऊन फोनवर बोलतो.

सदाशिवपेठी_अस्सल

पर्वतीवर फोनवर बोलणारे तुम्हीच का ते.

आज्जीची_नात

😂😂 बोका कुठे गेले? कप किती झाले?

छापखान्यातला_बोका (दिवस १७)

आहे आहे. चहा चारवर आणला, संध्याकाळचा बंद. तिसऱ्या रात्री साडेअकराला झोपलो ते सरळ सकाळी सहा. धडधड नाही. इतके दिवस बायकोला सांगत होतो की सिगरेट सोडल्याचे परिणाम आहेत, सहन कर, आणि तिच्याकडूनच नववा कप करून घेत होतो. ती आता विचारते मग ते सगळं कशासाठी सहन केलं.

गम नीट जमला. गालात ठेवला की खरंच दहा मिनिटांत डोकं गार होतं. पोटाचं म्हणाल तर पपई जिंदाबाद, शब्दकोडं अर्धं राहतं.

तोंड मात्र आलंय, जिभेच्या कडेला दोन फोड. हे पण त्यातलंच का? आणि रात्री स्वप्नात मी टपरीवर उभा राहून ओढतोय, इतकं खरं की उठल्यावर बोटांचा वास घेऊन बघितला.

काउंटरपलीकडून

हो, दोन्ही होतं. फोड आठवडाभरात जातील. दोन-तीन आठवड्यांनीही तिथेच राहिला तर मात्र दाताच्या डॉक्टरांना दाखवा, तंबाखूवाल्या माणसाने तोंडातला न बरा होणारा फोड घरी सांभाळत बसायचा नाही.

छापखान्यातला_बोका (दिवस २०)

ओढली.

काल रविवारी कॉलेजचे मित्र, खडकवासला, धो धो पाऊस, भाजलेलं कणीस, चहा. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी सोडलीय, सगळ्यांनी शाब्बास वगैरे केलं आणि मग सगळ्यांनी पेटवल्या. एकाच्या हातातून दोन झुरके घेतले. मग म्हणलं आता घेतलीच आहे तर पूर्ण घेऊ. चक्कर आली, घाम फुटला, मजा म्हणाल तर दोन मिनिटंसुद्धा नाही आली. घरी येताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे दीड तास फक्त हाच विचार की १९ दिवस गेले. वडगावला एका टपरीशी गाडी थांबवली पण होती. पाकीट मागितलं, त्याने विचारलं मोठं का छोटं, तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न मारला म्हणून गाडी काढली. त्या हॉर्नवाल्याचे उपकार.

परत_पहिल्यापासून

गाडी काढलीत ना, मग झालं. मी सहाही वेळा त्या एका सिगरेटने नाही हरलो, त्यानंतरच्या पाकिटाने हरलो. “आता मोडलंच आहे” म्हणून पाकीट आणायचं आणि मग संपेपर्यंत सोडायचा प्रश्नच नाही. १९ दिवस कुठे जात नाहीत हो. २० दिवसांत एक, आधी २० दिवसांत किती व्हायच्या? अडीचशे? तो हिशोब मांडा, तुम्ही छापखान्यातले आहात, कागद आहे तुमच्याकडे.

आणि पुढचे दोन महिने मित्रांबरोबर पावसात चहा नको. शत्रू नाहीत ते, पण नको.

खरं तर सुट्टी सिगरेट मिळते तिथेच सगळा घोळ आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून महाराष्ट्रात सुट्टी विकायलाच बंदी आहे, कारण सुट्टी घेतली की पाकिटावरचं ८५ टक्के जागेतलं चित्र दिसतच नाही. बंदी आहे हे टपरीवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो “एक देऊ का दोन”.

सौ_धूर

पाकिटावर तो फुकट नंबर पण असतो, १८००-११-२३५६. मी लावला. नवऱ्याने नाही, मी. ओढणारी नाही म्हणलं तरी त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, म्हणाल्या त्यांना स्वतःला वाटेल तेव्हा फोन करू दे, तुम्ही तारीख ठरवायला मदत करा, पहारा देऊ नका. हा पहारा शब्द मला लागला जरा. त्याच्या शर्टाचा वास घेणं बंद केलंय आठ दिवस. काल रात्री त्याने विचारलं, तो गम नक्की कसा खायचा म्हणालीस?

तळजाई_६वाजता

ही या धाग्यातली सगळ्यात मोठी बातमी आहे.

सदाशिवपेठी_अस्सल

@बोका, उपाय सांगतो, एकदाच सांगेन. मागच्या बोळातून किती वर्षं जाणार? टपरी टाळून टपरी सुटत नाही. सकाळी ११ ला, पोट भरलेलं असताना, ओळखीचं कुणी बरोबर नसताना, टपरीवर जायचं, उभ्याने एक हाफ चहा प्यायचा, पैसे टाकायचे, यायचं. मी १९९४ साली असंच केलं होतं. तेव्हा गम वगैरे लाड नव्हते.

काउंटरपलीकडून

उपाय चांगला आहे पण महिना तरी उलटू द्या. आणि गम हे लाड नाहीत काका.

छापखान्यातला_बोका (दिवस ४३)

धागा वर काढतोय. खडकवासल्यानंतर एकही नाही. गम दिवसाला दोनवर आलाय. वजन तीन किलो वर. ऑपरेटर पोराला त्या वेलांटीबद्दल सॉरी म्हणालो, तो म्हणाला सर वेलांटी खरंच चुकली होती.

आज काकांचा उपाय केला. ११ वाजता एकटाच खाली गेलो. मामांनी वर बघितलं आणि काही न बोलता चहाचा ग्लास आणि माझ्या ब्रँडचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं, इतक्या वर्षांची सवय त्यांची पण. मी म्हणलं मामा फक्त चहा. त्यांनी पाकीट उचललं, खालची वही काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. जून महिना, १,१८५ रुपये, बाकी. सोडायच्या नादात हिशोबच राहिला होता! मामा म्हणाले, “आम्हाला वाटलं साहेब नोकरी सोडून गेले. तुमच्या ऑफिसातल्याला विचारलं तर तो म्हणाला आहेत की, मागच्या बोळातून येतात हल्ली.”

त्यांचं तोंड बघवेना. पूर्ण पैसे दिले, चहाचे वेगळे दिले, मामांनी चहाचे घेतले नाहीत. सिगरेट सोडलीय म्हणून सांगितलं तर हसले, म्हणाले उधारी चुकवायला लोक बरीच कारणं सांगतात.

सदाशिवपेठी_अस्सल

१,१८५ मध्ये चहा किती आणि सिगरेट किती? मामांनी सुट्टीचा भाव जास्त लावला असणार. वही परत बघून या.